दान द्यावे, ते विचारून



दान करावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. ते कसे करावे, हे मात्र फारसे कोणी शिकवीत नाही. त्यामुळे पुष्कळदा असे होते की, घरात जे नकोसे झाले तेच आपण गरिबाच्या झोळीत टाकतो. विटका सदरा, कीड लागलेले धान्य, मुदत टळून गेलेला बिस्किटांचा पुडा! देणाऱ्याची अडगळ कमी होते. घेणाऱ्याची भूक मात्र आहे तशीच राहते.

हैदराबाद शहरातील अंबरपेठ हा भाग मुसी नदीच्या काठी वसला आहे. 2020 सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्या शहरात अतिवृष्टी झाली. अंबरपेठ व मुसारामबाग यांना जोडणारा पूल पाण्याखाली गेला आणि सखल वस्त्यांत घरोघर पाणी शिरले. अशा घरी मदत न्यायची, तर काय न्यावे? तांदूळ, असे आपण चटकन म्हणू. पण शेगडी चिखलाने भरलेली, भांडी वाहून गेलेली. मग तो तांदूळ शिजवायचा कशावर? पहिले दोन दिवस हवे असते तयार जेवण आणि पिण्याचे स्वच्छ पाणी. चूल पेटू लागली की शिधा हवा. त्यानंतर अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, मुलांची वह्यापुस्तके. घर एकच, पण त्याची गरज थोड्या दिवसांत कितीदा रूप पालटते! त्या वर्षी तेलंगणा शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना प्रत्येकी 10,000 रुपयांची रोख मदत जाहीर केली. रोख मदतीत एक शहाणपण आहे. कोणाची गादी गेली, कोणाचे शिलाई यंत्र गेले, हे त्या घरच्या माणसांखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पूर नसतानाही हाच नियम लागू पडतो. एप्रिल 2025 पासून तेलंगणात शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे दरमहा 6 किलो बारीक तांदूळ विनामूल्य मिळू लागला. ज्या घरी हा तांदूळ येतो, तेथे उणीव असते ती डाळ, तेल, साबण अथवा आजाऱ्याच्या औषधाची. परंतु त्याच आळीत, ज्याचे नाव शिधापत्रिकेत चढलेले नाही असे एखादे मजुराचे कुटुंब असेल, तर त्याला आधी तांदूळच हवा. दोन्ही घरांची भिंत एक, पण गरजा निराळ्या. हा भेद रस्त्यावरून दिसत नाही. तो उंबरठ्याशी बसून विचारल्यावरच कळतो.

2014 साली, एका दुर्धर रोगावरील संशोधनासाठी निधी जमविण्याकरिता, डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याची लाट जगभर पसरली होती. तेव्हा हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी लोकांना आवाहन केले की, आपण बादलीभर तांदूळ जवळच्या गरजवंताला नेऊन द्यावा. त्यासाठी ना संस्था लागली, ना सभा. शेजारी कोण उपाशी आहे, एवढे ठाऊक असणे पुरे होते.

घरी जाऊन विचारण्याची ही रीत ख्रिस्तसभेला नवी नाही. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह जे मंडळ स्थापिले, तेच पुढे संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जगभर पसरले. गरिबाच्या घरी स्वतः जाऊन भेटणे, ही त्याची पहिली शिस्त. याच मंडळाच्या अन्नछत्रात, अमेरिकेतील फिनिक्स नगरात, जॉन वॅन हेंगल नावाचे गृहस्थ सेवा करीत. पैसे ठेवण्याची पेढी असते तशी अन्नाचीही असावी, ही कल्पना त्यांना एका गरीब, लेकुरवाळ्या आईशी बोलताना मिळाली. तेथील सेंट मेरी धर्मग्रामाने त्यांना एक रिकामी इमारत व 3,000 डॉलर दिले आणि 1967 साली जगातील पहिली अन्नपेढी उभी राहिली. ज्या कल्पनेने पुढे असंख्य लोकांना घास मिळाला, ती अशी एका गरजवंत स्त्रीच्या तोंडून आली!

मग आपल्या गावी आपण काय करावे? दोघादोघांनी मिळून घरोघर जावे, काय उणे आहे ते आदराने विचारावे आणि एका वहीत नोंदवून ठेवावे. नाताळात सर्वच देतात. पण पावसाळ्यात मजुरी थांबते आणि कणगीचा तळ दिसू लागतो, तेव्हा दाराशी कोणी येत नाही. म्हणून आपल्या दानाचा काही भाग त्या दिवसांसाठी राखावा. लग्नकार्यात उरलेले अन्न द्यायचे, तर ते ताजे असतानाच द्यावे. उकाड्यात भात फार लवकर बिघडतो. जे आपण स्वतःच्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला देऊ नये. देताना छायाचित्र तर काढूच नये. प्रभूने दान गुप्तपणे करावयास सांगितले, त्यात घेणाऱ्याची अब्रू राखण्याची केवढी काळजी आहे!

काही वेळा विचारूनही उत्तर मिळत नाही; मानी माणूस "आमचे बरे चालले आहे" असेच सांगतो. तेव्हा उठण्याची घाई करू नये. थोडा वेळ बसावे, मुलांची चौकशी करावी आणि पुन्हा येण्याचे सांगून खरोखरच पुन्हा जावे. ओळख वाढली की शब्द आपोआप फुटतो, आणि मग काय द्यावे, हा प्रश्न उरत नाही.