नऊ सिलिंडर आणि पद्मिनीचं बॉनेट

विमानाचं गोल इंजिन छोट्या मोटारीत बसवलं तर? हा प्रश्न गॅरेजच्या बाकावर पडतो आणि बहुतेक वेळा चहाबरोबर संपतो. पण डोंबिवलीत तो विचारायला थोडा आधार आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या ज्या मैदानाला आपण 'प्रीमियर' म्हणतो, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ जोडल्या जात. प्रीमियरची पद्मिनी मोटार कुर्ल्याची, पण मालक तेच. या कंपनीमागचा माणूस सोलापूरचा, वालचंद हिराचंद. त्यानेच देशातला पहिला विमान कारखानाही उभारला होता, आणि तोही मोटारीच्या आधी.

ती कथा थोडक्यात अशी. १९३९ मध्ये वालचंद मोटार कारखान्याच्या बोलण्यांसाठी अमेरिकेला गेले. परतीच्या विमानात त्यांना विल्यम पॉली हा विमानांचा व्यापारी भेटला, आणि मोटारीसाठी निघालेला गृहस्थ डोक्यात विमान घेऊन घरी आला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं विमान उडालं. ते हार्लो नावाचं अमेरिकन विमान होतं आणि त्याच्या नाकात वॉर्नर कंपनीचं सात सिलिंडरांचं रेडियल, म्हणजे गोल, इंजिन होतं. म्हणजे या कारखान्यात जोडलेलं पहिलं विमानच रेडियल इंजिनवर उडालं. दुसरं महायुद्ध भडकलं तसं १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. मोटारीचं स्वप्न मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. प्रीमियरची नोंदणी १९४४ ची, आणि १९४७ मध्ये क्रायस्लरशी झालेल्या कराराखाली कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लर हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इंजिनाकडे. आपल्या गाडीत सिलिंडर एका ओळीत असतात. रेडियलमध्ये ते मधल्या दांड्याभोवती बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखे उभे असतात. एका सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड मुख्य, त्याला मास्टर रॉड म्हणतात. बाकीचे रॉड त्याच्याच डोक्याला पिनांनी जोडलेले असतात आणि सगळे मिळून क्रँकचा एकच खिळा फिरवतात. त्यामुळे क्रँकशाफ्ट आखूड राहतो आणि वजन वाचतं. चार स्ट्रोकच्या रेडियलमध्ये एका वर्तुळातले सिलिंडर नेहमी विषम, म्हणजे पाच, सात किंवा नऊ. कारण साधं आहे. या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. त्यामुळे एक सोडून एक असा क्रम लावावा लागतो: १, ३, ५, ७, ९ आणि मग २, ४, ६, ८. संख्या सम असती तर दुसऱ्या फेरीत हा क्रम जुळलाच नसता आणि इंजिन लंगडलं असतं. व्हॉल्व्ह उघडायला लांबलचक कॅमशाफ्टही नको. पुढच्या बाजूला एक मोठी कॅमची चकती असते. नऊ सिलिंडरांच्या इंजिनात तिला चार उंचवटे असले तर ती क्रँकच्या एक अष्टमांश वेगाने उलट्या दिशेने फिरते. हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडून जमला की फार बरं वाटतं, करून बघा.

या जातीचं सर्वांत प्रसिद्ध घराणं म्हणजे राइट कंपनीचं व्हर्लविंड. मे १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्गने एकट्याने साडेतेहतीस तासांत अटलांटिक ओलांडला, तो याच घराण्यातल्या नऊ सिलिंडरांच्या, सव्वादोनशेच्या आसपास अश्वशक्तीच्या इंजिनावर. त्याचाच मोठा भाऊ आर-९७५. व्यास सुमारे ४५ इंच, धारणशक्ती जवळपास १६ लिटर.

हे इंजिन पद्मिनीत घालून बघू, कागदावरच. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, शक्ती चाळिशीच्या आसपास. आर-९७५ चा एकेक सिलिंडर पावणेदोन लिटरचा. म्हणजे पद्मिनीचं अख्खं इंजिन त्याच्या एका सिलिंडरलाही पुरं पडत नाही. गाडीची रुंदी दीड मीटरही नाही, आणि त्यातून दोन्हीकडची चाकं आणि मडगार्ड वजा करा. उरलेल्या जागेत ४५ इंचांचं चक्र मावत नाही. कडेचे पत्रे कापले तरी खरी पंचाईत उंचीची. दांडा चक्राच्या मधोमध, म्हणजे खालच्या सिलिंडरच्या टोकापासून दोन फूट वर. खाली रस्त्यासाठी अर्धा फूट सोडला की दांडा जमिनीपासून अडीच फुटांवर जातो, आणि गिअरबॉक्स त्याच्या कितीतरी खाली. दोघांना जोडायचं तर मध्ये दात्यांची पेटी किंवा साखळी हवी. वागळे इस्टेटमधला एखादा लेथवाला ते काम हसत घेईलही. पण नंतर ड्रायव्हरला पुढचं काय दिसणार?

त्यात हवेचा प्रश्न. रेडियलला पाणी नसतं, सिलिंडरांवरच्या पातळ पंखांवरून जाणारी हवा त्याला गार ठेवते. विमानात ती फुकट आणि जोरात मिळते. संध्याकाळी शीळफाट्यावर उभ्या गाडीला कुठून मिळणार? मग मोठा पंखा लावा, त्याला पुन्हा शक्ती द्या. प्रॉपेलर स्वतःच फ्लायव्हीलचं काम करतो, तो काढला की जड फ्लायव्हील आणि क्लच वेगळे लावावे लागतात. आणि तेल. इंजिन थांबलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जुने वैमानिक आणि मेकॅनिक सुरू करण्याआधी प्रॉपेलर हाताने काही फेऱ्या फिरवत. सकाळी सोसायटीच्या आवारात हे करायचं म्हणजे शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी लागेल.

जगात हे कोणी केलं नाही असं नाही. इटलीत काउंट कार्लो फेलिचे त्रोस्सीने १९३५ मध्ये रेसची गाडी बांधवली. नाकात सोळा सिलिंडरांचं, दोन वर्तुळांचं, दोन स्ट्रोकचं रेडियल, सुमारे चार लिटरचं. मोन्झाला ती सरावात धावली आणि स्पर्धेत कधीच उतरली नाही, कारण जवळजवळ तीन चतुर्थांश वजन पुढच्या चाकांवर आलं होतं. आज ती तुरीनच्या संग्रहालयात आहे आणि तिथे ती शोभते. आता ऑस्ट्रेलियात रोटेक नावाची कंपनी २.८ लिटरचं, सात सिलिंडरांचं, शंभरेक किलोंचं छोटं रेडियल बनवते. व्यास सुमारे ३२ इंच, शक्ती ११०. हौशी लोकांना छोट्या वाहनात बसवायला जवळचं असं हेच. मला विचाराल तर पद्मिनीत बसवायचंच असेल तर हे बसवा, आर-९७५ नको.

पण विमानाचं रेडियल हजारोंच्या संख्येने जमिनीवर चाललं ते हौशीपायी नाही, गरजेपायी, आणि त्याची साक्ष महाराष्ट्रात आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेला रणगाडे हवे होते, पण रणगाड्याजोगं मोठं इंजिन तयार नव्हतं. विमानांची रेडियल होती. हलक्या स्टुअर्ट रणगाड्यात सात सिलिंडरांचं कॉन्टिनेंटल घातलं गेलं, २५० अश्वशक्तीचं. त्याच घराण्याचं इंजिन स्टिअरमन या शिकाऊ विमानात असे. शर्मनमध्ये आलं ते आर-९७५, चारशे अश्वशक्तीचं. पद्मिनीबाबत ज्या अडचणी वर मांडल्या, त्या सगळ्या तिथे आल्याच. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, दांडा उंचावर. म्हणून दांडा तिरका होत टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, तळाखालून पुढे गेला आणि तळ उचलावा लागला. शर्मन पावणेतीन मीटर उंच झाला तो त्यामुळे. तेलाचं दुखणंही तसंच. रणगाडा काही तास उभा राहिला की सुरू करण्याआधी शिपाई मागे उभे राहून हँडल मारत बसत. हेलकॅट या पुढच्या गाडीत अमेरिकनांनी इंजिनालगत दात्यांची पेटी लावून दांडा खाली आणला, आणि ती गाडी बुटकी आणि सुसाट झाली. आपण पद्मिनीसाठी जो उपाय कागदावर काढला, तोच.

आता क्रायस्लर. विमानांना रेडियल कमी पडू लागली तेव्हा या कंपनीने मोटारीची सहा सिलिंडरांची पाच इंजिनं एका केंद्राभोवती लावून तीस सिलिंडरांचं एकच इंजिन केलं. म्हणजे विमानाचं इंजिन मिळेना म्हणून मोटारीच्या इंजिनांचंच चक्र केलं! त्यासाठी शर्मनचा सांगाडा सुमारे ११ इंचांनी लांबवावा लागला. या जातीचे बहुतेक शर्मन ब्रिटिशांना मिळाले. स्वतंत्र भारताच्या फौजेतही शर्मन दीर्घकाळ होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरला डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले.

या सगळ्यातून माझं एकच मत झालं. असं इंजिन गाडीत बसवता येत नाही, गाडी त्याच्याभोवती बांधावी लागते. शर्मन तसाच बांधला गेला.

आपल्याकडे तर सगळे प्रश्न सुटले तरी परिवहन कार्यालय उरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. ठाण्याचं एमएच-०४ असो की कल्याणचं एमएच-०५, नऊ सिलिंडरांच्या पद्मिनीला रस्त्याची परवानगी मिळणार नाही. मुंबईत तर पद्मिनीची टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाच्या मर्यादेने रस्त्यावरून गेली.

रणगाड्यांच्या त्या युद्धाच्या खुणा मात्र आपल्या परिसरात अजून आहेत. उल्हासनगर वसलं ते युद्धकाळातल्या कल्याण कॅम्पवर, आणि नेवाळीची धावपट्टीही त्याच काळातली.  पण त्या काळातलं यंत्र डोळ्यांनी बघायचं असेल तर अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात जा. शर्मनजवळ उभे राहा आणि त्याची उंची आपल्या उंचीशी ताडून बघा. समोरच्या शर्मनमध्ये नंतर कुठलंही इंजिन बसलेलं असो, ती उंची विमानाच्या त्या गोल इंजिनासाठी ठरली होती आणि शेवटपर्यंत कमी झाली नाही.