न दिसणाऱ्या पक्ष्यांची मोजदाद

पाणथळीतले काही पक्षी स्वभावतःच लाजाळू असतात. पाणकोंबड्या, फटाकड्या, पाणलावे यांचे बहुतेक आयुष्य लव्हाळ्यात आणि पाणकणसांच्या दाटीत सरते. फटाकडीचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्याने ती गवतातून अलगद निसटते. एका पाणकोंबडीला तर मराठीने ‘लाजरी’ हेच विशेषण दिले आहे. हे नाव देणाऱ्याने तिला पुरते निरखले असले पाहिजे.

जो दिसत नाही, तो मोजायचा कसा? येथे अभ्यासकाचे मुख्य साधन म्हणजे कान. विणीच्या हंगामात पहाटे आणि संध्याकाळी ठरावीक जागी ठरावीक वेळ निःशब्द उभे राहायचे, साद कोणत्या दिशेने व किती अंतरावरून आली याची नोंद करायची. पक्षी एखादे दिवशी मौन पाळतो. म्हणून त्याच जागी पुनःपुन्हा जावे लागते. किती फेऱ्यांत साद ऐकू आली, यावरून न बोललेल्यांचाही अदमास बांधता येतो. ध्वनिमुद्रित साद ऐकवली तर उत्तर मिळते खरे. परंतु प्रतिस्पर्धी आला असे समजून पक्षी घरटे सोडतो. तेव्हा हा उपाय जपूनच योजावा. शिवाय साद कोणाची हेही जाणले पाहिजे. रंगीत पाणलाव्यात मादी साद घालते आणि नर अंडी उबवतो!

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. उघड्या पाण्यावरची बदके तीत सहज मोजली जातात. गवतात दडलेले पक्षी मात्र बरेचदा निसटतात. मोजणीत नाही ते कागदावर नाही, आणि कागदावर नाही ती दलदल ‘पडीक’ ठरून भरावाखाली जाते. खरा धोका हाच आहे.

ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली रामसर स्थळाचा. रोहिताच्या नावाने तिथली खारफुटी राखली गेली, तर तिच्या सावलीतल्या अनाम जिवांनाही आसरा मिळतो.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, असे पांढुर्णा-सौंसरकरांनी मानू नये. सौंसर तालुक्यातून वाहणारी कन्हान वैनगंगेस मिळते. ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि तिच्या मुखाशी कोरिंगाच्या खारफुटीपर्यंत पोहोचते. आपल्या नदीत आपण जे सोडतो, तेही त्याच वाटेने जाते.

मारुती चितमपल्ली २०२५ साली आपल्यातून गेले. वनाधिकारी म्हणून रानात वावरताना त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द वेचले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. पाखराचे नाव भाषेतून गेले की ते नाहीसे झाल्याची खबरही कोणाला लागत नाही.

म्हणून या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे : गावतळ्याची ‘सफाई’ करताना काठच्या लव्हाळ्याचा एक पट्टा राखा. आषाढातल्या सांजवेळी तिथे घटकाभर गप्प उभे राहा. जी साद ऐकू येईल, तिचे नाव वडीलधाऱ्यांना विचारा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. संरक्षणाचा आरंभ अशा नोंदीतूनच होतो.