जुने अरण्य कशाला म्हणावे? घाटंजीच्या सागवनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैशाखातल्या एका दुपारी, घाटंजीची वस्ती मागे टाकून आम्ही पारव्याकडे निघालो असता, पुण्याहून सुटीला आलेल्या माझ्या भाच्याने रस्त्याच्या दोहों अंगांस उभ्या असलेल्या करड्या, निष्पर्ण खोडांकडे बराच वेळ पाहून मला विचारले, "मामा, हे जंगल वाळून गेलंय का हो?" त्या प्रश्नात उपहास नव्हता, उलट, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर जो स्वर लागतो तो होता. मी गाडी थांबविली आणि त्याला सागाच्या एका खुंटापाशी घेऊन गेलो. त्या खुंटापाशी जे बोलणे झाले त्याचाच विस्तार म्हणजे हा लेख. कारण पुढे माझ्या ध्यानात आले की, हाच प्रश्न आणि त्याच्या पोटातले अनेक ग्रह, केवळ शहरातल्या पाहुण्यांच्याच नव्हे, तर अरण्याच्या कुशीत जन्म काढलेल्या आम्हां तालुकावासीयांच्याही मनात घर करून आहेत.

गैरसमज पहिला : उन्हाळ्यात पाने नसलेले अरण्य मेलेले असते.

वस्तुस्थिती अशी की, यवतमाळ जिल्ह्यातील अरण्य हे शुष्क पानझडी जातीचे असून, साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिजा, लेंडिया, सालई, मोई, पळस, कुसुम हे सारे रुंद पानांचे वृक्ष त्यात एकत्र नांदतात. या मुलखात वर्षाकाठी पडणारा सुमारे ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो, आणि उरलेले आठ महिने झाडाला भूमीच्या पोटातील ओलीवर काढावे लागतात. सागाचे एक पान हातभर लांब असू शकते. अशी शेकडो पाने अंगावर बाळगून चैत्र-वैशाखाच्या उन्हात उभे राहणे म्हणजे साठविलेले पाणी हवेत उधळून देणे होय. म्हणून वृक्ष प्रथम पानातील उपयुक्त द्रव्ये आपल्या खोडात परत ओढून घेतो, मग देठाच्या मुळाशी एक पातळ पडदा निर्माण करतो, आणि अखेर ते रिकामे झालेले पान गळू देतो.

शिवाय, याच तथाकथित मृत ऋतूत अरण्याचा खरा उत्सव चाललेला असतो. माघ-फाल्गुनात पळस पेटतो. चैत्राच्या सुमारास कुसुमाला तांबडीलाल पालवी फुटते, ती दुरून फुलांसारखी भासते. आणि मोहाची रसाळ, फिकट पिवळी फुले रात्रीतून गळून पहाटे झाडाखाली पसरलेली असतात, ती वेचण्यासाठी आयाबाया टोपल्या घेऊन दिवस उगवण्यापूर्वीच घरातून निघालेल्या असतात. मेघ दिसण्याच्या कितीतरी अगोदर कित्येक वृक्ष नवी पालवी धारण करतात. मेलेल्याला हे साधत नाही.

गैरसमज दुसरा : अरण्य जुने असेल, तर त्यातली झाडे जाडजूड असलीच पाहिजेत.

ज्या खुंटापाशी मी भाच्याला नेले होते, त्याच्या कडेने मनगटाएवढे चार सरळ फुटवे वर आलेले होते. त्याने ते पाहून अनुमान केले की झाड आठ-दहा वर्षांचे असावे. फुटव्यांपुरते ते अनुमान बरोबरही असेल. पण ज्या मुळांनी त्यांना वर ढकलले ती मुळे तोडल्या गेलेल्या खोडाची होती, आणि त्या खोडाच्याही पूर्वी तेथे दुसरे खोड नसेलच असे कोणी सांगावे? सागाचा हा धर्मच आहे की, तो तोडला तरी खुंटातून पुनःपुन्हा फुटतो.

याहून विस्मयकारक गोष्ट बियांपासून आलेल्या रोपाची आहे. सागाचे कोवळे रोप उन्हाने अगर वणव्याने वरून जळून जाते, पण जमिनीखालचे त्याचे मूळ जिवंत राहते. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा वर येते, पुन्हा जळते. असे वर्षानुवर्षे चालू राहते, आणि तेवढ्या काळात मूळ मात्र जाड होत जाते, इतके की एका अनुकूल वर्षी ते एकदम उंच कोंब फेकून वणव्याच्या पोहोचीबाहेर निघून जाते. सारांश, पायवाटेवर आपण ज्याला बाजूला सारून पुढे जातो ते गुडघाभर रोप कदाचित त्याला बाजूला सारणाऱ्या शाळकरी मुलाहून वयाने मोठे असते.

खुंटाच्या वयाचा दाखला परदेशातही मिळतो. इंग्लंडच्या सफोक परगण्यात ब्रॅडफील्ड वुड्स या नावाचे रुंदपर्णी वन आहे. तेथे इ. स. १२५२ पासून आजतागायत पाळीपाळीने झाडे बुंध्याशी तोडून फुटवे वाढू देण्याची वहिवाट चालत आली आहे. तेथील ॲश वृक्षाचा एक खुंट सुमारे हजार वर्षांचा मानला जातो, पण त्यावरील काठ्या पाहिल्या तर त्या कालपरवाच्या. वनाचे वय खोडाच्या घेरावरून काढू गेल्यास हिशेब चुकतो, तो असा.

गैरसमज तिसरा : प्राचीन अरण्य म्हणजे ज्याला माणसाचा हात लागलेला नाही असे अरण्य.

इंग्लंडमध्ये प्राचीन वनाची जी व्याख्या रूढ आहे ती मोठी विचार करण्याजोगी आहे: इ. स. १६०० पासून ज्या भूमीवर वन अखंड राहिले ती भूमी प्राचीन वनाची. तीत मनुष्य वावरला की नाही, कुऱ्हाड चालली की नाही, हा प्रश्नच विचारलेला नाही. विचारला आहे तो एवढाच की, नांगर फिरून अरण्याची परंपरा मध्येच खंडित झाली काय? कारण अरण्यातील माती, तीतली कवके, कंद, बिया आणि किडेमुंग्या यांचा संसार एकदा नांगराखाली गेला की तो पिढ्यान् पिढ्या परत जमत नाही.

ही कसोटी आपल्या मुलखाला लावून पाहावी. येथील अरण्यात कोलाम, गोंड, परधान हे समाज पूर्वापार राहत आले आहेत. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात, आणि मोह, चारोळी, तेंदूपाने, डिंक, मध यांवर पोडांचा संसार कित्येक पिढ्या चालला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आल्यानंतर पडीत आणि रानटी जमिनी लागवडीस आणण्यासाठी इजाऱ्याने देण्याची पद्धत पडली. जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावांना आजही जोडून येणारा ‘इजारा’ हा शब्द त्या पद्धतीची उरलेली खूण आहे. एकीकडे असे रान मोडून शेत झाले, तर दुसरीकडे उरलेल्या रानाची राखीव जंगल म्हणून हद्दबंदी झाली, आणि काल ज्या गवतावर गुरे चरत होती त्याच गवतासाठी परवाना लागू लागला. या जाचाविरुद्ध जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, ही आपल्या जिल्ह्याची अभिमानाची नोंद आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अरण्यावर पिढ्यान् पिढ्या निर्वाह करणाऱ्यांचे हक्क मान्य करून ग्रामसभेच्या हाती अरण्याच्या रक्षणाचा अधिकारही दिला.

तेव्हा येथले अरण्य निर्मनुष्य कधीच नव्हते. जेथे नांगर फिरला तेथे ते गेले. जेथे केवळ कुऱ्हाड, कोयता आणि टोपली फिरली तेथे ते राहिले.

गैरसमज चौथा : हा सगळा साग इंग्रजांनी लावलेला आहे.

साग हा मध्य भारताचा आणि दख्खनचा मूळचा रहिवासी आहे. तो येथे कोणी आणलेला नाही. लागवडीचा सागही आहेच. केरळातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात झालेली लागवड त्या प्रकारात प्रसिद्ध आहे, आणि आपल्या राज्यात १९७४ साली वन विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर अनेक ठिकाणी सागाची रोपवने उभी राहिली. पण नैसर्गिक सागवन आणि रोपवन यांतील भेद ओळखण्यास मोठ्या विद्येची गरज नाही. रोपवनात झाडे ओळीने उभी असतात, सारी एका वयाची, एका उंचीची. नैसर्गिक वनात सागाच्या शेजारी मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला ऐन असतो, गुळगुळीत पांढुरक्या खोडाचा धावडा असतो, पायाशी तेंदूची झुडपे असतात, वेली एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या असतात, आणि आजोबा, बाप व नातू एकाच अंगणात बसावेत तशी सर्व वयांची झाडे एकत्र दिसतात.

अमुक एकर अरण्य गेले तरी तितकीच झाडे दुसरीकडे लावू, या आश्वासनातील उणीवही यावरून उघड व्हावी. झाडे लावता येतात आणि ती अवश्य लावावीत. पण लावलेली झाडे म्हणजे अरण्य नव्हे.

गैरसमज पाचवा : पानांची जाळी होणे हा रोग आणि पडलेले लाकूड हा कचरा.

भाद्रपद-आश्विनात सागाची पाने तपकिरी होऊन त्यांची अक्षरशः चाळणी झालेली दिसते, आणि लोक हळहळतात. ही करणी एका लहानशा पतंगाच्या अळ्यांची असून, त्या पानातील मऊ भाग तेवढा खाऊन शिरा तशाच ठेवतात. असे पान उचलून उन्हासमोर धरावे. जरीकामाच्या पदरालाही लाजविणारी ती वीण पाहून कोणाचीही हळहळ क्षणभर थांबेल. या अळ्यांनी झाडाची वाढ थोडी मंदावते, झाड सहसा मरत नाही, आणि त्या अळ्यांवर पाखरांचे पोट चालते.

वठलेल्या झाडाचेही तसेच. सुतार पक्षी त्यात ढोली कोरतो, पुढे तीत पिंगळा किंवा पोपट राहावयास येतो, सालीखाली भुंगेरे वाढतात, आणि खाली पडलेला ओंडका कवकांच्या व वाळवीच्या साहाय्याने हळूहळू माती होतो. ही माती हेच अरण्याचे भांडवल होय. ते ओंडके उचलून रान झाडून काढणे म्हणजे मुद्दल खर्ची घालणे.

गैरसमज सहावा : वणवा लागला की रान चांगले फुटते.

मोहफुले वेचण्यास जमीन स्वच्छ व्हावी, तेंदूला कोवळी पाने यावीत, गवत जोमाने उगवावे, अशा हेतूंनी आग लावली जाते. आग आपोआप लागते हा समजही खरा नाही. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून, जाणूनबुजून किंवा विडीच्या थोटकासारख्या हयगयीने, लागलेले असतात. आगीनंतर काही ठिकाणी हिरवळ लवकर दिसते हे खरे, पण तिची किंमत त्या गुडघाभर रोपांनी, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांनी आणि पालापाचोळ्याच्या थराने मोजलेली असते. तो थर जळाला की पहिला वळीव उघड्या जमिनीवर आदळतो आणि माती नाल्याने वाहून जाते. मोहाखाली जुने लुगडे किंवा जाळी पसरली, निदान पाला झाडून बाजूला केला, तरी फुले स्वच्छ मिळतात. त्यासाठी काडी ओढण्याचे कारण नाही.

गैरसमज सातवा : वाघ दिसला नाही तर जंगलाची फेरी वाया गेली.

केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. सुन्ना किंवा माथनीच्या फाटकातून आत गेलेले पुष्कळ प्रवासी वाघाच्या आशेने मान वळवीत तीन तास काढतात, आणि तो न दिसल्यास खिन्न होऊन परततात. त्यांनी एका वाघाची कथा अवश्य ध्यानात ठेवावी. टिपेश्वरात जन्मलेल्या एका तरुण नराला २०१९ साली रेडिओ कॉलर घातली होती. तो त्याच वर्षी घर सोडून निघाला आणि तेलंगणाची सरहद्द ओलांडून, शेते, नाले, रस्ते तुडवीत, सुमारे १३०० किलोमीटर वाटचाल करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ही वाट त्याला सापडली ती अभयारण्यांच्या मधल्या झुडपी रानांमुळे, नाल्याकाठच्या झाडीमुळे, गावशिवाराच्या अशाच दुर्लक्षित तुकड्यांमुळे. ज्याला आपण "हे काय जंगल!" म्हणून नाक मुरडतो, तोच वाघाचा राजमार्ग असतो.

अरण्यात जाणाऱ्याने म्हणूनच नजर थोडी खाली उतरवावी. अभयारण्यात नियमाप्रमाणे वाहनातूनच फिरावे. गावालगतच्या रानात पायी जाणे झालेच, तर वनरक्षकाला विचारून आणि त्या शिवाराची माहिती असणाऱ्या कोणा जाणत्या पोडकऱ्याला सोबत घेऊन जावे, आगीचे साधन जवळ बाळगू नये, आणि पहिली दहा मिनिटे कोणी कोणाशी बोलू नये.

माझा भाचा त्यानंतर आषाढात पुन्हा आला. त्याच खुंटापाशी आम्ही थांबलो. चारी फुटव्यांवर सुपाएवढी हिरवीगार पाने आली होती. मी त्याला एक कोवळे पान तळहातावर चोळावयास सांगितले. सागाच्या कोवळ्या पानातून लाल रंग सुटतो, तसा तो सुटला, आणि त्याचा तळहात कुंकू सांडल्यासारखा दिसू लागला. तो हात धुवावयास तयार होईना. घाटंजीला परत येईपर्यंत त्याने मूठ मिटून ठेवली होती, आणि घरात शिरताच ती आजीपुढे उघडून तो म्हणाला, "आजी, हे जंगल जिवंत आहे."