रानातील लाकडी घरे

सहलीला गेल्यावर तंबूत राहायला तुम्हांला आवडेल ना? 'तंबू' हा शब्द मराठीत आहे आणि तुमच्या उर्दूतही आहे. पण पावसात तंबू गळू लागला, की सगळी मजा निघून जाते. म्हणून काही देशांतील वनउद्यानांत लहान लाकडी घरे भाड्याने मिळतात. त्यांना 'केबिन' म्हणतात. ऑफिसातील साहेबांची केबिन वेगळी बरे का!

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरापासून सुमारे ५६ किलोमीटरवर 'प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्क' नावाचे जंगल आहे. तेथील केबिनींची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी सुरू झाली. लाखो माणसे बेकार झाली. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली तरुणांचे एक दल उभारले. या तरुणांनी झाडे लावायची, रस्ते करायचे आणि उद्याने बांधायची. महिन्याला ३० डॉलर पगार मिळे. त्यांतले सुमारे २५ डॉलर सरळ घरी आईवडिलांकडे जात. या दलातील मुलांनी येथे कामे केली आणि लाकडाची साधी घरे उभी राहिली. त्या आधी या जमिनीवर शेती होती. वर्षानुवर्षे पिके घेऊन जमीन निकस झाली होती. तरीही जंगलासाठी कितीतरी कुटुंबांना गाव सोडावे लागले, हेही विसरू नका.

ही घरे कोणासाठी बांधली? श्रीमंत प्रवाशांसाठी नव्हे. शहरातील गरीब मुलांना उन्हाळ्यात मोकळी हवा मिळावी, म्हणून. हेतू चांगला होता. पण त्या काळी गोऱ्या मुलांचे तळ वेगळे आणि काळ्या मुलांचे तळ वेगळे ठेवले होते. झाडे तीच, ओढा तोच; तरी मुलांनी एकत्र खेळायचे नाही! मला तर याचे फार आश्चर्य वाटते. पुढे दुसऱ्या महायुद्धात मुले गेली आणि तेथे हेरांचे प्रशिक्षण सुरू झाले. आज मात्र कोणीही पैसे भरून त्या घरांत राहू शकतो.

अशा केबिनीत काय असते? खाटा असतात, दिवा असतो. बस्स! नळ आणि संडास थोड्या अंतरावर, सर्वांसाठी एकत्र. रात्री जायचे तर हातात बॅटरी हवी. चादर, उशी, साबण सारे आपले आपण न्यायचे. स्वयंपाक घरात करायचा नाही, कारण घर लाकडाचे आहे. बाहेर ठरलेल्या जागी चूल पेटवायची. खाण्याचे पदार्थ उघडे ठेवले, तर रात्री रानातले प्राणी पाहुणे म्हणून येतात.

आता चुलीसाठी सरपण घरून नेले तर? पैसे वाचतील, असे तुम्हांला वाटेल. पण अमेरिकेतील पुष्कळ उद्यानांत बाहेरचे लाकूड आणायला बंदी आहे. त्याचे कारण एक चिमुकला हिरवा भुंगेरा आहे. तो मूळचा आशियातला. २००२ साली तो अमेरिकेत मिशिगन राज्यात आढळला. त्याच्या अळ्या 'ॲश' नावाच्या झाडाच्या सालीखाली राहतात आणि आतला भाग पोखरतात. मग मुळांचे पाणी वर जात नाही, पानांचे अन्न खाली येत नाही, आणि काही वर्षांत झाड वाळते. आतापर्यंत अशी कोट्यवधी झाडे मेली आहेत.

भुंगेरा स्वतः फार दूर उडत नाही. मग तो इतक्या राज्यांत पोहोचला कसा? माणसांनी मोटारीत घालून नेलेल्या सरपणातून! सालीखालच्या अळ्या बाहेरून दिसत नाहीत. लाकूड कोरडे, चांगले वाटते. तळावर ते जाळायचे राहून गेले, की त्यातून भुंगेरे बाहेर पडतात आणि जवळच्या झाडावर जाऊन बसतात. म्हणून जेथे मुक्काम, तेथलेच लाकूड घ्यायचे. उद्यानाने परवानगी दिली असेल, तर जमिनीवर पडलेल्या वाळक्या काटक्या गोळा करायच्या. नाहीतर भट्टीत तापवून किडे मारलेले लाकूड विकत मिळते, ते आणायचे.