विकतच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी म्हण आपल्याकडे आहे. तिचा उलटा अर्थ असा की, विकतच्या गाईचे दात मोजलेच पाहिजेत. तो पाहायचा असेल तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत जावे. तिथे लाल कंधारी किंवा देवणी बैल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाबरोबर एखादा जाणता माणूस असतो. तो बैलाचा जबडा उघडतो. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, आठही आलेला जुळलेला. मग तो खांदा दाबून पाहतो, बैल चालवून पाहतो. बैलवाल्याला याचा राग येत नाही. उलट जबडा उघडू न देणाऱ्याचीच लोकांना शंका येते.

जुनी मोटार घेताना मात्र आपण हा रिवाज विसरतो. मीही विसरलो होतो. पंधरा वर्षांपूर्वी माहुरात एका ओळखीच्या गृहस्थांकडून मी जुनी गाडी घेतली. ‘एकदा मिस्त्रीला दाखवू का?’ हे शब्द ओठांवर आले होते, पण भिडेपोटी गिळले. दुसऱ्याच आठवड्यात घरच्यांना रेणुकामातेच्या दर्शनाला नेताना गडाच्या घाटात इंजिन तापून बंद पडले. मिस्त्रीने इंजिन ऑइलचे झाकण काढून दाखवले. आतून दुधाळ साय धरली होती. हेड गॅस्केट जाऊन पाणी तेलात उतरले होते. हे आधी पाहायला दोन मिनिटे लागली असती.

पुढे कुतूहलापोटी मी कायदा वाचला. 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17मध्ये, मोटारी नसल्यामुळे, घोड्याची उदाहरणे आहेत. घोड्यातला दोष माहीत असूनही लिलावात तो न सांगता विकला, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. म्हणजे भिडेने न विचारलेला प्रश्न विकणाऱ्याला मोकळा सोडतो. कलम 19 आणखी पुढे जाते. फसवणूक मौनातून झाली असली, तरी साधारण काळजी घेऊन सत्य कळण्यासारखे असेल, तर त्या कारणाने करार रद्द करता येत नाही. तेव्हा विचारावेही आणि तपासावेही.

या तपासणीत प्रामाणिक विकणाऱ्याचेही हित आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. 2001 साली त्यांना नोबेल विभागून मिळाले, त्यामागे हेच काम होते. त्यांचे म्हणणे असे: चांगली आणि खराब गाडी ओळखता आली नाही, तर गिऱ्हाईक दोन्हींना मधलीच किंमत देते. ती न परवडल्याने चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, आणि खराब गाड्याच उरतात. त्याच निबंधात तांदळातून खडे वेचणारी भारतीय गृहिणीही आहे. आपण त्याला तांदूळ निवडणे म्हणतो. पसंत करणे आणि खडे काढणे, दोन्हींना मराठीत शब्द एकच आहे.

गाडी निवडायची कशी? इंजिन थंड असतानाच मिस्त्रीला न्यावे. आधी तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खाते. दारांच्या फटी कमीजास्त असतील, रंगाच्या छटा जुळत नसतील, तर गाडी ठोकलेली असू शकते. पायाखालच्या गालिच्याखाली गाळ किंवा सीटच्या बोल्टांवर गंज दिसला, तर गाडीत पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. टायरवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन तो बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कमी किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरशी ते ताडून पाहावेत. चेसिस नंबर पुस्तकाशी जुळवावा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावे. आम्हा माहूरकरांना तेलंगण जवळ. तिकडची गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची तर इकडचा नंबर घ्यावा लागतो. शेवटी घाट चढवून-उतरवून पाहावी.

मात्र मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. गाडी घेतली काय, न घेतली काय, त्याची मजुरी आधीच ठरवून द्यावी. सौदा जमला तरच पैसे मिळणार असतील, तर तो पारखी राहत नाही, दलाल होतो.

गेल्या वर्षी भाच्यासाठी गाडी पाहायला गेलो, तेव्हा मिस्त्री बरोबर होता. मालकांनी चहा सांगितला आणि स्वतःच बॉनेट उघडले. क्लच झिजलेला निघाला. तेवढी किंमत कमी झाली, सौदा झाला. ते गृहस्थ आजही बाजारात भेटले की गाडी कशी आहे ते विचारतात. माझ्या गाडीचे ते पहिले मालक मात्र भेटले की दोघेही दुसरीकडे पाहतो. मी त्या दिवशी भीड धरली होती ती ओळख टिकावी म्हणून.