गळ्याचं माप आणि मिठाचं पाणी

पेणच्या बाजारात कपड्यांच्या हातगाडीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की हे दृश्य दिसतंच. गिऱ्हाईक जीन्सचं बटण लावतं, कमरेचा पट्टा गळ्याभोवती धरतं आणि मानेमागे टोकाला टोक भिडलं की म्हणतं, "होईल, टाका पिशवीत." गाडीवर ट्रायल रूम कुठून असणार, त्यामुळे या युक्तीला हसवत नाही. मान कमरेच्या साधारण निम्मी असते, एवढाच त्यामागचा हिशेब. विशीतल्या सडपातळ पोराला तो जमूनही जातो. चाळिशीत पोट पुढे येतं, मान काही त्या प्रमाणात वाढत नाही, आणि घरी गेल्यावर श्वास रोखून बटण लावायची पाळी येते.

त्याहून मोठी फसगत म्हणजे कमरेला बसली की जीन्स बसली, हा समज. कंबर एक वेळ शिंपी मागून इंचभर आत घेऊन देतो. आसन आणि मांडी घट्ट असेल तर तोही हात टेकतो, कारण आत सोडायला कापडच ठेवलेलं नसतं. मी एकदा ऐटीत नवी जीन्स घालून सत्यनारायणाला गेलो. उभा होतो तोवर झकास. मांडी घातली आणि मागचा पट्टा चार बोटं खाली सरकला. पोथीचे पाचही अध्याय मी शर्ट खाली ओढत ऐकले. कंबर बरोबर होती, आसन कमी होतं. आरशासमोर ताठ उभं राहून फिटिंग बघणं खुर्चीवर बसणाऱ्यांना ठीक. आपल्याला जमिनीवर बसावं लागतं, एसटीची उंच पायरी चढावी लागते. तेव्हा दुकानात लाज न बाळगता एकदा उकिडवं बसून बघावं.

हातगाडीवर तेही जमणार नाही. मग घरातली नीट बसणारी जुनी जीन्स बटण लावून सपाट पसरा आणि टेपने चार मापं घ्या : पट्टा, जांघेतल्या शिवणीपासून बटणापर्यंतचं पुढचं आसन, मांडी आणि आतली लांबी. मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि गाडीवर तीच ताडून बघा. लेबलावर विसंबू नका. ३२ लिहिलेला पट्टा मोजला तर ३३ किंवा ३४ इंचही भरतो. प्रत्येक कंपनीचं माप निराळं, शिवाय पट्टा बेंबीच्या खाली बसतो आणि तिथला घेर जास्त असतो.

"एक नंबर मोठी घे, धुतल्यावर आटेल" आणि "घट्टच घे, वापरून सैल होईल" हे दोन्ही सल्ले एकाच घरात ऐकू येतात. आटण्याची भीती जुन्या काळची. १९३० च्या सुमारास कापड आधीच आटवून घ्यायची सॅनफोरायझेशनची प्रक्रिया आली आणि आज बाजारात मिळणारी बहुतेक जीन्स त्या प्रकारच्या कापडाची असते. थोडी आटते ती उंचीत. म्हणून बॉटम कापायच्या आधी एकदा धुऊन घ्या. सैल होण्याचं मात्र खरं आहे, विशेषतः गुडघ्याला आणि सीटला.

आता मीठ. पेण तालुक्यात मिठागरं असल्यामुळे असेल, पण "नवी जीन्स मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो" हे आमच्याकडे ठासून सांगितलं जातं. बॉटमच्या आतल्या दुमडीतून एक निळा धागा सुईने ओढून काढा आणि त्याचा पीळ उलगडा. आत पांढरा कापूस दिसेल. जीन्सचा हा निळा रंग म्हणजे नीळ, आणि ती पाण्यात विरघळत नाही. ती रासायनिक रीतीने विरघळवून त्यात धागा बुडवतात, बाहेर काढून हवा लागू देतात, हवेतल्या ऑक्सिजनने तो निळा झाला की पुन्हा बुडवतात. एवढं करूनही रंग धाग्याच्या सालीवरच राहतो. कापसाशी त्याचा रासायनिक बंध जुळत नाही, त्यामुळे घासलं की तो सुटणारच. मिठाचा उपयोग होतो तो दुसऱ्या जातीच्या रंगांत कापूस रंगवत असताना. बसलेल्या निळीवर मीठ, तुरटी, व्हिनेगर, सगळं वाया. उलटी करून, गार पाण्यात, ब्रश न मारता धुवा आणि पहिली दोन-तीन धुणी वेगळी काढा.

जीन्स महिनोन्‌महिने धुवायचीच नाही, वास आला तर फ्रीझरमध्ये ठेवायची, असंही एक शहाणपण हल्ली ऐकू येतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने १५ महिने एकच जीन्स न धुता वापरली. मग ती धुतली, १३ दिवस वापरली आणि दोन्ही वेळी जिवाणू मोजले. संख्या साधारण सारखीच निघाली. पण ती हवा एडमंटनची, कोरडी नि गारठ्याची. मे महिन्यात दिवा-रोहा गाडीत उभ्याने आलेल्या माणसाला तो हिशेब लावू नये. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थंड पडतात, आणि आमच्या फ्रीझरमध्ये कोळंबीलाच जागा पुरत नाही. घामेजली की धुवावी, एरवी चार-पाच वापरांनंतर.

आपल्याकडे जीन्सचा खरा वैरी पावसाळा. रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जाड डेनिम दोन-दोन दिवस वाळत नाही. जीन्सच्या पायाला हात लावला तर ती कोरडी वाटते, पण खिशाच्या कोपऱ्यात आणि पट्ट्याच्या दुमडीत ओल राहते. तशीच घडी घातली की आठवड्याने कुबट वास आणि तिळाएवढे काळे ठिपके. ते बुरशीचे. बुरशी कापूस खाते, म्हणून डाग गेला तरी कापड तिथे कमजोर राहतं. खिसे बाहेर काढून, पट्ट्याला चिमटे लावून पंख्याखाली टांगा. भारी जीन्स म्हणजे जाड जीन्स, हाही आपल्या हवेत महागात पडणारा समज. कोकणात ९-१० औंसांचं हलकं कापड बरं. स्ट्रेच असेल तर कढत पाणी, कडक इस्त्री आणि ब्लीच टाळा, त्यातला इलॅस्टेनचा ताणणारा धागा त्यांनी ढिला पडतो.

आणि जीन्स फाटत नाही म्हणतात. अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट मारले आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं, ते कामगारांचे खिसे उसवत होते म्हणूनच. जांघेत मात्र मांड्या घासून कापड विरतं. ते उजेडासमोर धरा : निळे धागे झिजून पांढरे आडवे धागे दिसू लागले की तेव्हाच रफूवाल्याकडे न्या. आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावून मशीनवर दाट शिलाई मारली की बाहेरून फारसं कळत नाही. भोक पडल्यावर नेलीत तर ठिगळच लागेल.