नेटवरच्या भटकंतीत सापडलेलं जातं

‘सारखं काय त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचं?’ हे वाक्य हल्ली घराघरात ऐकू येतं. कधी आपण मुलांना म्हणतो, तर कधी घरातले आपल्याला! पण मैत्रिणींनो, खरं सांगू? रेसिपी, लाइट बिल आणि शाळेच्या ग्रुपवरचे निरोप एवढ्यापुरतंच नेट वापरायचं म्हणजे जत्रेला जाऊन नुसतं पाणी पिऊन परत येण्यासारखं आहे. दुपारची झाकपाक झाली की मी अर्धा तास या जत्रेत हिंडते. काही शिकायचंय म्हणून नाही, उगीचच. आणि काय काय भन्नाट सापडतं म्हणून सांगू!

आता हेच बघा ना. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात ‘ट्रोजन रूम’ नावाची खोली होती. तिथे कॉफीचं भांडं असायचं. लांबून कॉफी प्यायला यावं, तर भांडं रिकामं! मग १९९१ साली या हुशार मंडळींनी चक्क त्या भांड्यावर कॅमेराच रोखला. कॉफी आहे की संपली, ते जागेवरच दिसायला लागलं. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगभरातले लोक हौसेनं ते भांडं बघत बसले. आज आपण परगावच्या लेकीशी व्हिडिओवर बोलतो, त्या वेबकॅमची सुरुवात अशी कॉफीच्या तलफेतून झाली. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला आणि ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. आपल्या घरचं चहाचं पातेलं कुणी फुकट तरी नेईल का?

दुसरी गंमत ‘रेडिओ गार्डन’ची. नेदरलँड्समध्ये २०१६ साली सुरू झालेली ही साइट. स्क्रीनवर पृथ्वीचा गोल आणि त्यावर हिरवे ठिपके. बोटानं गोल फिरवायचा, ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावचा रेडिओ सुरू! आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात, तेव्हा पेरू देशात अजून उजाडायचं असतं. तिथला निवेदक काय बोलतो ते अवाक्षर कळत नाही, पण भाजी निवडताना सोबत छान होते.

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोशही असाच हाती लागला. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, सुमारे ६० हजार शब्दांची. शिकागो विद्यापीठानं तो नेटवर फुकट ठेवलाय. आजीच्या तोंडचा एखादा विसरलेला शब्द त्यात सापडला, की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण मनात येतं, शब्द राहिले. ते बोलणाऱ्या बायकांचे आवाज कुठे गेले?

याचं उत्तरही नेटवरच मिळालं. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या साइटवर त्या वाचता येतात आणि कित्येक ऐकताही येतात. आई-लेकीची माया, भाऊराया, सासुरवास, विठ्ठल, सीतेचा वनवास, बाबासाहेब... सगळं आहे त्यात. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव दिलेलं आहे. जिचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लागलं नसेल, तिचं!

एका दुपारी मी मोबाइलचा आवाज मोठा करून सासूबाईंच्या शेजारी ठेवला. गावात गिरणी आली आणि त्यांचं जातं कोपऱ्यात गेलं, त्याला साठेक वर्षं झाली. डोळे मिटून ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात आपोआप गोल फिरायला लागला. मग म्हणाल्या, ‘‘अगं, आमचं मन कुणाला सांगणार? जात्यालाच सांगायचो.’’ आणि त्या गायला लागल्या. चार ओव्या आठवल्या, पाचवीची दुसरी ओळ काही केल्या आठवेना. कितीतरी वेळ त्या तीच शोधत होत्या. इतक्या वर्षांत ‘तुम्ही काय गात होता?’ असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांना विचारून मी त्या चार ओव्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केल्या. खाली त्यांचं नाव, माहेर-सासर आणि तारीख लिहून ठेवली. पाचवी अजून अर्धीच आहे.

ज्या हातांनी जातं ओढलं, ते हात आता थकलेत. तुमच्या घरी, शेजारी अशी कुणी आजी असेल, तर तिला आजच विचारा. मोबाइलमध्ये रेकॉर्डर असतोच, तिची परवानगी तेवढी घ्या. आणि हो, कुणी म्हणालंच ‘सारखा काय तो मोबाइल?’, तर त्यांनाही शेजारी बसवून ऐकवा!